सुनावणी कोणाची आणि जमीन कोणाची?

सडका व्हाव्या, रुंद व्हाव्या, त्यांवरून माल व माणसें लवकर जावीं, याविषयीं आमचा कोणाशींहि वाद नाहीं. भाजीचा भारा डोक्यावर घेऊन बाजार गांठणाऱ्या बाईस सडकेचें मोल जितकें कळतें, तितकें मोटारींतून जाणाऱ्या शेटजीसहि कळत नाहीं. वाद आहे तो निराळाच. सडक ज्याच्या शेतांतून, खळ्यांतून, ओटीवरून जावयाची, त्यास कोणीं, केव्हां, कोणत्या भाषेंत आणि कोणत्या कागदावर विचारलें? विचारलें असल्यास त्याच्या उत्तराचें पुढें काय झालें? हा प्रश्न आज आम्ही आमच्या वाचकांपुढें व सरकारापुढें ठेवितों.

पनवेल तालुक्यांतील नावडे हें गांव उदाहरणादाखल घ्यावें. एका अंगास दिवा–पनवेल लोहमार्ग व त्यावरील नावडे रोड स्टेशन, दुसऱ्या अंगास मुंब्र्याहून पनवेलीस जाणारा महामार्ग, शेजारीं तळोज्याचे कारखाने, आणि थोड्याच अंतरावर कळंबोली, जेथून २००२ सालीं पूर्ण झालेला मुंबई–पुणें द्रुतगति मार्ग सुरू होतो. हा सारा मुलूख एके काळीं भाताचीं खाचरें, मिठागरें आणि खाडीची मासळी यांवर जगत होता. १९७० सालीं सिडको स्थापन झाली. ठाणें व कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या दोन जिल्ह्यांतील ९५ गांवांची जमीन नव्या शहरासाठीं घेण्याचें ठरलें, आणि खाचरांच्या जागीं नकाशावरचीं सेक्टरें आलीं. त्यानंतर विरार–अलिबाग मार्गिकेची रेघहि याच तालुक्यांतून ओढली गेली. दोन पिढ्या झाल्या, तरी मोजणीची साखळी या मुलखांतून गेलेली नाहीं.

जमीन सक्तीनें घेण्याचा कायदा इंग्रज सरकारनें १८९४ सालीं केला. त्यांत मुळांत हरकत ऐकण्याची सोयच नव्हती. सरकारनें 'सार्वजनिक काम' म्हटलें कीं तें सार्वजनिक झालें. शेतकऱ्यानें फार तर किंमतीचा तंटा करावा. १९२१ सालीं मुळशीच्या मावळ्यांनीं टाटांच्या धरणासाठीं जमीन देण्याचें नाकारून सत्याग्रह मांडला व सेनापति बापट त्यापायीं तुरुंगांत गेले. १९२३ सालीं कायद्यांत कलम ५-अ घालून हरकत ऐकण्याची तरतूद झाली. मुळशीचीं शेतें तर पाण्याखालीं गेलींच. आणि ज्या कायद्यानें ऐकण्याचें कबूल केलें, त्याच कायद्यांतील तातडीच्या कलमानें न ऐकण्याची पळवाटहि सरकारच्या हातीं राहिली. एका हातानें द्यावें व दुसऱ्यानें काढून घ्यावें, ही रीत तेव्हांपासूनची आहे.

आतां आमच्या कुलाब्याचा इतिहास पाहा. १९३३ सालीं अलिबाग तालुक्यांत चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखालीं कुळांनीं खोतांविरुद्ध संप पुकारला. वर्षानुवर्षें जमिनी पडीक ठेविल्या, लांकडें विकलीं, पण माघार घेतली नाहीं. पुढें १९८४ च्या जानेवारीच्या १६ व १७ तारखांस जासई व उरणच्या भागांत दि. बा. पाटील यांच्या मागें शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारांत पांच जण पडले. त्या लढ्यांतून संपादित जमिनीच्या १२.५ टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना निघाली. १९९० व १९९४ सालच्या सरकारी निर्णयांनीं ती अंमलांत आली. त्यांतूनहि सामाजिक सोयींच्या नांवानें कपात होऊन पदरांत पडतात ते पावणेनऊ टक्केच. पण तेवढें तरी कोणी दिलें? कोणत्याहि सुनावणीनें दिलें नाहीं. तें संघटनेनें घेतलें. ही गोष्ट आमच्या बांधवांनीं कधींहि विसरूं नये.

हल्लींचा कायदा काय म्हणतो तें आम्ही सोप्या भाषेंत सांगतों. राष्ट्रीय महामार्गासाठीं जमीन १९५६ च्या महामार्ग कायद्यानें घेतात. कलम ३-अ खालीं राजपत्रांत सूचना निघते व तिचा सारांश दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यांपैकीं एक देशी भाषेचें असावें लागतें. त्या दिवसापासून २१ दिवसांत लेखी हरकत द्यावी लागते. हरकतदारास जातीनें अगर वकिलामार्फत बोलण्याचा हक्क आहे. मग अधिकारी जो हुकूम देईल तो अखेरचा. पुढें ३-ड ची घोषणा झाली कीं जमीन कायद्यानें सरकारची झाली. आणि मोबदला ठरून जमा झाल्यावर ६० दिवसांच्या नोटिशीनें ताबा मागतात. मोबदला न पटल्यास लवादाकडे जावें. पण तो लवादहि केंद्र सरकारच नेमतें. ज्यानें जमीन घेतली त्यानेंच पंच नेमावा, हा न्याय आमच्या गांवच्या पंचायतींत कोणी खपवून घेतला नसता.

२०१३ सालीं नवा भूसंपादन कायदा झाला. त्यांत प्रकल्पामुळें गांवावर काय परिणाम होईल याची सामाजिक चौकशी व लोकांसमोर सुनावणी सांगितली आहे. परंतु त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टांत महामार्ग कायद्याचें नांव घालून तो या चौकशींतून वगळला. मोबदल्याचे नियम मात्र २०१५ पासून त्यासहि लागू झाले. २०१८ सालीं आमच्या राज्य सरकारनेंहि दुरुस्ती करून ठराविक प्रकारच्या प्रकल्पांस या चौकशींतून सूट देण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला. पर्यावरणाची जनसुनावणी २००६ च्या अधिसूचनेनें होते. तिची नोटीस ३० दिवस आधीं द्यावी लागते, आणि शेवटीं जें बोललें गेलें तें लोकांस त्यांच्या भाषेंत वाचून दाखवावें लागतें. परंतु तिच्यांतहि असें लिहिलें आहे कीं सुनावणी सुरू करण्यास अमुक माणसें हजर पाहिजेत अशी अट नाहीं. मांडव रिकामा असला तरी सुनावणी झालीच! शिवाय २०१३ पासून जुन्या राष्ट्रीय महामार्गाचें रुंदीकरण १०० किलोमीटरांहून लांब नसेल, तर ही परवानगी व ही सुनावणी लागतच नाहीं. रस्ता नवा असो कीं रुंद होवो, कुणब्याची ओटी तर तशीच मोडते. मग ऐकण्यांत हा भेद कां?

हें दुःख आमच्याच देशाचें आहे असें नाहीं. ज्या इंग्लंडाकडून आम्हीं कायदे घेतले, तेथें मोटार-रस्त्यांसाठीं जाहीर चौकशी होते. १९७५ सालीं एअरडेल येथें व १९७६ सालीं विंचेस्टर येथें लोकांनीं त्या चौकशींत इतका गोंधळ केला कीं काम चालेना. त्यांचें म्हणणें एवढेंच होतें कीं, रस्ता कोठून न्यावा हें विचारतां, पण तो मुळांत हवा कां, हें विचारूं देत नाहीं. मग ही चौकशी कसली? तेथील सरकारला त्यानंतर वाहतुकीचे अंदाज कसे काढतात हें तपासण्यास समिति नेमावी लागली. शिकलेल्या, पोट भरलेल्या लोकांसहि जें मुकाट्यानें सोसवलें नाहीं, तें आमच्या अडाणी ठेविलेल्या माणसानें किती काळ सोसावें?

आणि खरी गोम येथेंच आहे. पूर्वीं गांवचें दप्तर कुळकर्ण्याच्या बगलेंत असे; तो सांगेल तो आकडा आणि तो वाचील तो अर्थ. जोतीराव फुल्यांनीं या विद्येच्या मक्त्यावर आसूड ओढला, शाहू महाराजांनीं १९१८ सालीं करवीर राज्यांत कुळकर्णी वतनें मोडून पगारी तलाठी नेमले. कुळकर्णी गेला, पण दप्तराचें गूढ गेलें नाहीं. आज तें दप्तर दलालाच्या, सल्लागाराच्या व मूल्यांकनवाल्याच्या हातीं आहे, आणि त्यांत आमच्याच जातींचे लोकहि आहेत, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. रस्त्याची रेघ कोठून जाणार हें ज्याची जमीन आहे त्यास शेवटीं कळतें. दलालास आधीं कळतें. तो येतो, शेतकऱ्यास भिववितो, पडत्या भावानें जमीन लिहून घेतो, आणि मोबदल्याच्या रांगेंत स्वतः उभा राहतो.

नावड्याची अडचण तर दुहेरी आहे. २०१६ सालीं पनवेल महानगरपालिका झाली आणि नावड्यासह २९ गांवें तिच्यांत घातलीं. २०१३ च्या कायद्याप्रमाणें ग्रामीण जमिनीच्या बाजारभावास १ ते २ पर्यंत गुणक लागतो; शहरी हद्दींत तो १ च. पाटी बदलली आणि मोबदल्याचें गणितहि बदललें. ग्रामसभाहि गेली, जेथें बाईमाणूस उठून दोन शब्द बोलूं शकत होतें. शिवाय या पट्ट्यांत गांवठाणाबाहेर गरजेपोटीं बांधलेलीं घरें आहेत. मुलगा लग्नाचा झाला, घर पुरेना, म्हणून बापजाद्यांच्या जागेंत चार खोल्या उठविल्या. पण सातबाऱ्यावर नांव चढलें सिडकोचें. तीं नियमित करण्याचे सरकारी निर्णय अनेक वेळां निघाले. उद्यां फाट्याचा रस्ता रुंद झाला तर नोटीस सातबाऱ्यावरच्या नांवास जाईल, आणि यंत्र मात्र या घरांच्या दारांत येईल. अशा घरवाल्यास कोणत्या सुनावणींत बोलावणार?

लोहार, सुतार, कुंभार, चांभार, न्हावी, कातकरी मजूर यांची दाद तर कोणीच घेत नाहीं. त्यांच्या नांवें सातबारा नाहीं, म्हणून त्यांचें कांहींच गेलें नाहीं, असें धरून चालतात. पण २०१३ च्या कायद्याची व्याख्या वाचा. ज्याची जमीन नाहीं, पण जो तीन वर्षें त्या भागांत शेतमजूर, कूळ, वाटेकरी अगर कारागीर म्हणून राबतो व ज्याच्या पोटावर संपादनामुळें पाय येतो, तें कुटुंबहि 'बाधित' धरलें आहे. ही ओळ प्रत्येक कारागिरानें पाठ करावी आणि अधिकाऱ्यापुढें म्हणून दाखवावी.

सरकारास आमचें सांगणें थोडक्यांत असें. राजपत्रांतली नोटीस शेतकऱ्याच्या घरीं पोंचत नाहीं. ती नकाशासह सोप्या मराठींत घरोघर द्यावी, चावडीवर लावावी व दवंडी पिटावी. सुनावणी आवणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत ठेवूं नये आणि ती गांवांतच घ्यावी. रस्ता हवा कां, दुसरी वाट आहे कां, हे प्रश्न विचारूं द्यावे. प्रत्येक हरकतीस कारणांसह लेखी उत्तर मिळावें. संयुक्त मोजणी धन्यासमोर व्हावी. झाड, विहीर, गोठा, भट्टी सर्व लिहिलें जावें. रुंदीकरण म्हणून सुनावणी टाळण्याची पळवाट बंद करावी. यांत राजद्रोह कोठेंच नाहीं. पाटलाच्या वाड्यांत भाऊवांटणी करतांना जेवढी रीत पाळतात तेवढीच आम्ही मागतों.

पण सरकारास चार गोष्टी सांगून आम्ही थांबणार नाहीं. आमच्या बांधवांसहि सांगणें आहे. मेलेल्या आज्याचें नांव सातबाऱ्यावर ठेवून किती दिवस भाऊ-भाऊ भांडणार? वारस नोंद करा, वांटणी कागदावर आणा, आणि बहिणीस फसवून हक्कसोड लिहून घेण्याचें पाप करूं नका. त्या एका सहीपायीं मोबदला वर्षानुवर्षें कोर्टांत अडकून राहतो. मुद्रांकाचे चार पैसे वांचविण्यासाठीं खरेदीखतांत किंमत कमी लिहूं नका, कारण मोबदला ठरवितांना मागच्या तीन वर्षांचीं तींच खतें पुढें येतात. आज चोरलेला रुपया उद्यां सगळ्या शिवारास भोंवतो. दलालाच्या घाईस भुलूं नका. २१ दिवसांची वाट न पाहतां पहिल्या आठवड्यांतच हरकत द्या आणि पोंच घ्या. भूखंड विकून हळदीच्या मांडवांत व नव्या मोटारींत पैसा उधळूं नका. त्यांतून एक मुलगी कायदा शिकवा, एक मुलगा मोजणी शिकवा. गांवांत नकाशा वाचणारीं दोन माणसें झालीं तर शंभर दलालांची भाकरी बंद होईल.

कोर्टाचीं दारेंहि बंद नाहींत. १९९७ ते २०१५ या काळांत महामार्गासाठीं घेतलेल्या जमिनीस दिलासारक्कम व व्याज नाहीं, असें कायद्यानेंच ठरविलें होतें. सुप्रीम कोर्टानें २०१९ सालीं तें घटनाविरुद्ध ठरविलें व २०२५ सालीं तो निकाल मागील प्रकरणांसहि लागू असल्याचें कायम केलें. शेतकरी शेवटपर्यंत लढले म्हणून हें झालें. जे मोबदल्याचा पहिला चेक घेऊन घरीं बसले, त्यांस कोणी बोलवावयास आलें नाहीं.

सडक सर्वांची म्हणतां, तर तिचा बोजाहि सर्वांनीं वांटून घ्यावा. एकाची जमीन जावी, दुसऱ्याचा वेळ वांचावा, आणि जमीन गेलेल्याचें म्हणणें कागदावरहि न यावें, यास सार्वजनिक काम म्हणत नाहींत. नावड्याच्या व आसपासच्या सर्व गांवांच्या लोकांनीं, नोटीस येण्यापूर्वींच, आपापल्या आळींत बसून सातबारा, नकाशा व कारागिरांची यादी एकत्र करावी. सुनावणीचा दिवस उजाडेल तेव्हां मांडव रिकामा नसावा आणि बोलणाराच्या हातांत कागद असावा. मग ऐकतों कीं नाहीं, तें सरकारनें सर्वांसमोर सांगावें.