दूरच्या रसिकाचा वाटा

२४ ऑगस्ट १९७१. गणेश चतुर्थीच्या मंगल दिवशी अजित वाडेकरांच्या संघाने ओव्हलवर इंग्लंडला ४ गडी राखून नमवले. इंग्लंडच्या भूमीवरील तो भारताचा पहिला कसोटी विजय. चंद्रशेखरने दुसऱ्या डावात ३८ धावांत ६ बळी घेऊन त्याचा पाया घातला होता. त्या वेळी महाराष्ट्रात दूरचित्रवाणी नव्हती. मुंबई दूरदर्शन सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. हजारो मैलांवरचा तो विजय लोकांनी पाहिला नाही. रेडिओच्या खरखरीतून कानांत प्राण आणून ऐकला.

क्रिकेट हा राष्ट्राचा खेळ झाला, तो या दूरच्या रसिकामुळे. मैदानातील प्रेक्षक काही हजारांत मोजता येतो. ऐकणाऱ्यांची गणती कोणी करावी? बाळ ज. पंडितांसारख्या समालोचकांनी हा खेळ मराठीत बोलता केला. ज्यांनी कधी मोठे मैदान पाहिले नव्हते, त्यांच्याही तोंडी षटक, पायचीत, त्रिफळा हे शब्द रुळले. या श्रोत्याकडे कोणी प्रवेशमूल्य मागितले नाही. त्यानेही निष्ठेत कसूर केली नाही.

आज या रसिकाचे स्थान काय? ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ती असल्याचा निर्वाळा दिला. तो वादही क्रिकेटच्या प्रक्षेपणातूनच उद्भवला होता. पुढे २००७च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे बंधनकारक झाले. परंतु २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच त्याची मर्यादा स्पष्ट केली. असे प्रक्षेपण दूरदर्शनने स्वतःच्या भूस्थित आणि विनामूल्य डिश सेवेवरच दाखवावे; खाजगी केबलवाल्यांमार्फत ते घरोघर जाऊ नये.

हक्क विकत घेणाऱ्यांनी प्रचंड रक्कम मोजलेली असते आणि त्या पैशातून खेळाच्या सोयी उभ्या राहतात, हे मान्यच आहे. व्यापाराला आमचा विरोध नाही. मात्र ज्याच्या प्रेमामुळे या हक्कांना मोल आले, त्यालाच दाराबाहेर उभे करणे न्यायाचे नव्हे. वर्गणी परवडत नाही म्हणून शेतमजुराची भक्ती उणी ठरते काय?

यावर उपाय आहे आणि तो खर्चिकही नाही. चित्राचे हक्क ज्यांचे त्यांच्याकडे राहोत. निदान आवाज तरी सर्वांचा असावा. भारताच्या प्रत्येक कसोटी सामन्याचे संपूर्ण धावते समालोचन आकाशवाणीवरून, मराठीसह सर्व भारतीय भाषांतून, विनामूल्य मिळावे आणि नियामक मंडळाने हक्कांच्या करारातच तशी तरतूद करावी. रेडिओला ना वर्गणी लागते, ना इंटरनेट. शेताच्या बांधावर, रात्रपाळीच्या पहाऱ्यावर, रुग्णाच्या उशाशी तो सोबत करतो.

राष्ट्राच्या आनंदात वाटा मिळणे ही कृपा नव्हे, तो अधिकार आहे. मैदानापासून दूर असलेला रसिक खेळापासून दूर पडू नये, याची काळजी खेळाच्या धुरीणांनी वाहिलीच पाहिजे.