सॅनिटायझरचं बिल दाखवा

मे महिना उजाडला, की वाकड-हिंजवडी पट्ट्यातल्या हॉस्पिटलांना हातांचा पुळका येतो. ५ मे हा जागतिक हात स्वच्छता दिन. लॉबीत फुगे लागतात, नर्सिंगच्या पोरी गाण्याच्या ठेक्यावर तळव्याला तळवा घासून दाखवतात, संचालक केक कापतात. (आधी हात धुतात का, ते विचारू नका.) हे सगळं इतकं तोंडपाठ आहे, तर खाटेपाशी का घडत नाही?

मी विचारतोय, कारण माझी आई इथल्याच एका हॉस्पिटलात होती आणि मला बघत बसण्याखेरीज दुसरं काम नव्हतं. आयसीयूच्या दारात वॉचमन आमच्या चपलांवर डोळ्यांत तेल घालून पहारा देत होता. आत राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांच्या मनगटाला लाल गंडा, बोटात पुष्कराज. शेजारच्या आजोबांच्या पोटावरचं ड्रेसिंग त्यांनी उचकटून पाहिलं आणि त्याच हाताने आईची सलाइनची सुई चाचपली. खाटेच्या पायथ्याशी बँडेजने बांधलेली सॅनिटायझरची बाटली होती. नंतर मी पंप दाबून पाहिला, तर नुसती फुसफुस. सिस्टरने सगळं पाहिलं आणि मान खाली घालून फाइल लिहीत राहिली. राउंड आटोपल्यावर मात्र सर बेसिनपाशी गेले आणि कोपरापर्यंत साबण लावून खसाखसा हात धुतले.

मेख इथेच आहे. हात धुतले जातात, पण पेशंटला शिवण्याआधी नव्हे, शिवून झाल्यावर. म्हणजे स्वतःचं सोवळं सांभाळायला. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण ठरवून दिलेत. त्यातले पहिले दोन, पेशंटला स्पर्श करण्याआधीचा आणि सुई-कॅथेटरसारख्या कामाआधीचा, हे पेशंटच्या जिवासाठी आहेत. पाहण्यांमध्ये जास्त चुकतो तो ‘आधी’चाच क्षण. कोविडने त्यात हातमोज्यांची भर घातली. एकच जोडी चार खाटा फिरते आणि घालणाऱ्याला वाटतं आपण सुरक्षित. तो असेलही. पेशंटचं काय?

सबबींना तोटा नाही. पाणी नाही म्हणतात. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवड महापालिका एक दिवसाआड पाणी सोडते, वाकडकर टँकरवर जगतो, हे कबूल. पण हात उघड मळलेले नसतील तर २०-३० सेकंद अल्कोहोलचं सॅनिटायझर चोळायला पवना धरण लागत नाही. वेळ नाही, ही सिस्टरच्या तोंडची तक्रार मात्र मला खरी वाटते. कंत्राटावरची एक पोरगी रात्रपाळीत अख्खा वॉर्ड सांभाळते. तिच्यावर डोळे वटारणाऱ्या व्यवस्थापनाने आधी माणसं नेमावीत. आणि सरांना ‘हात, सर’ म्हणाली म्हणून तिची नोकरी जाणार नाही, हे लेखी द्यावं.

आपल्याकडे स्वच्छता हे खालच्याचं काम, नाहीतर मग तमाशा. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं. एक खासदार तिथे गेले आणि अधिष्ठात्यांना कॅमेऱ्यांसमोर स्वच्छतागृह साफ करायला लावलं. औषधं किती, माणसं किती, खाटेपाशी हात स्वच्छ करायची सोय काय, हे प्रश्न टीव्हीवर दिसायला बेताचेच.

२०२२ च्या अहवालात जागतिक आरोग्य संघटना सांगते, की श्रीमंत देशांत दाखल होणाऱ्या १०० पेशंटांतल्या ७ जणांना, तर आपल्यासारख्या देशांत १५ जणांना हॉस्पिटलातच संसर्ग चिकटतो. अशा दहांतला एक दगावतो. घरी नेताना आपण म्हणतो, वय झालं होतं.

तेव्हा नाच पुरे, हिशोब बोलू. हजार रुग्ण-दिवसांमागे किमान २० लिटर सॅनिटायझर वापरलं जावं, असा याच संघटनेचा मापदंड आहे. म्हणजे एका पेशंटमागे दिवसाला २० मिलि. एका वेळचे ३ मिलि धरले तर जेमतेम सहा-सात वेळा. आयसीयूतल्या पेशंटला याच्या कितीतरी पट हात लागतात, तरी एवढं तरी असू द्या. ५० खाटांचं भरलेलं हॉस्पिटल म्हणजे महिन्याला ३० लिटर.

आईच्या डिस्चार्जच्या बिलात ग्लोव्हजच्या जोड्या आणि सॅनिटायझरच्या बाटल्या ओळीने लावल्या होत्या. तुमच्याही बिलात असतील, काढून बघा. आणि पुढच्या वेळी काउंटरवर पैसे भरण्याआधी विचारा: गेल्या महिन्यात किती खाटा भरल्या होत्या आणि सॅनिटायझर किती लिटर आलं? आमच्याकडून वसूल केलेलं सोडून.