चक्कर आली, अ‍ॅडमिट करायचं का?

आपल्या मराठीत 'चक्कर आली' म्हटलं की त्यात सगळंच येतं. घर गरगर फिरणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं आणि धाडकन पडून मिनिटभर शुद्ध नसणं! कॅज्युअल्टीत आमचा बराच वेळ यातलं नक्की काय झालं हे शोधण्यातच जातो. तेवढ्यात मागून आवाज येतो, "डॉक्टर, अ‍ॅडमिट करून घ्या ना, मेडिक्लेम आहे."

मंडळी, भरती हा काही उपचार नव्हे. लग्नाच्या मांडवात उपाशीपोटी उभी असलेली मुलगी आधी मळमळते, तिला घाम फुटतो, मग ती पडते आणि आडवी केली की लगेच शुद्धीवर येते. बी.पी. आणि ई.सी.जी. ठीक असेल तर तिला खुशाल घरी न्यावं. डोक्याला मार नसेल, हातापायांत कमजोरी नसेल, तर मेंदूच्या सी.टी. स्कॅनमध्येही बहुधा काही सापडत नाही. बिल तेवढं येतं.

याउलट क्रिकेट खेळताना धावता धावता कोसळलेला सतरा वर्षांचा पोरगा. दोन मिनिटांत उठून बसतो, पाणी पितो. आई म्हणते, "सकाळपासून काही खाल्लं नव्हतं हो." घरी जायची घाई. याला मात्र मी सोडणार नाही! पळताना किंवा आडवं असताना शुद्ध जाणं, त्याआधी छातीत धडधडणं, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, हे सगळं हृदयाकडे बोट दाखवतं.

हे ठरवायला नियमही आहेत. २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी पाच मुद्द्यांचा एक नियम मांडला. इतरत्र तो तितका खरा उतरला नाही. २०१६ मध्ये कॅनडाची गुणपद्धत आली. तिच्यात गंमत अशी की तपासणाऱ्या डॉक्टरला ही साधी भोवळ वाटते की हृदयाचं काही, यालाही गुण आहेत. म्हणजे फिरून गाडी पेशंटच्या हकिकतीवरच!

खरी पंचाईत आजी-आजोबांची. रात्री बाथरूमला उठल्या आणि पडल्या. झोपवून बी.पी. घ्यायचं, मग उभं करून तीन मिनिटांत पुन्हा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, तर कधी कधी गोळ्या बदलून भागतं. पण काहीही पूर्वसूचना नसताना तोंडावर आपटल्या असतील, ई.सी.जी.त गडबड असेल, तर मॉनिटरवर ठेवायलाच हवं. कदाचित पेसमेकर लागेल. आणि सगळं ठीक आहे, पण आजी फ्लॅटमध्ये एकट्या, मुलगा परदेशात? पुस्तकात याला गुण नाहीत. मी एक रात्र ठेवून घेतो. यावर सहकाऱ्यांशी माझे वाद झालेत, होतील.

असो. एक विनंती. पडलेल्या माणसाला खुर्चीत बसवू नका, आडवं करून पाय वर करा. आणि दवाखान्यात येताना गाडी चालवणारे काका आले नाहीत तरी चालेल, पण ज्या कामवाल्या मावशींनी पडताना पाहिलं, त्यांना घेऊन या. निदान त्यांचा फोन नंबर तरी!