मोरोक्कोची कमाल : चमत्कार नव्हे, ४-१-४-१

डिसेंबर २०२२ मध्ये गुरुवारी पहाटे फ्रान्सने मोरोक्कोला २-० ने हरवलं आणि रात्रभर जागलेली घरं हळहळली. वर्ल्डकपच्या सेमीफायनलपर्यंत पोहोचलेला हा पहिला आफ्रिकी आणि पहिला अरब संघ. (मोबाईलवर फिरणारा ‘पहिला मुस्लिम देश’ हा मेसेज मात्र चुकीचा आहे. तुर्कस्तान २००२ सालीच सेमीफायनल खेळून तिसरा आला होता.)

तेव्हा दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येत होती. आपले लोक म्हणत होते, चमत्कार झाला. युरोपातले काही जण म्हणत होते, नुसता बचाव केला, नशिबाने जिंकले. दोन्ही बोलण्यांत प्रशिक्षक वालिद रेग्रागुई यांच्या मेहनतीचं श्रेय गायब होतं. दुआ सगळ्यांनीच केली, पण मैदानावर कोण कुठे उभा राहील हे कुणीतरी ठरवलं होतं. आणि तेही कमी वेळात, कारण रेग्रागुईंच्या हाती संघ आला तो ऑगस्टच्या अखेरीस.

कागदावर मोरोक्कोची रचना ४-३-३. चेंडू समोरच्याकडे गेला की तीच ४-१-४-१ होते. मागे चार डिफेंडर, त्यांच्यापुढे एकटा सोफयान अमराबत, त्याच्यापुढे चौघांची रांग आणि सर्वांत पुढे युसुफ अन-नसिरी. दोन रांगांमधली जी मोकळी जागा स्पेनसारख्या संघाला हवी असते, तिथेच अमराबत पहारा देत होता. गोलांच्या यादीत त्याचं नाव दिसणार नाही, पण माझ्या मते या संघातला सर्वांत महत्त्वाचा माणूस तोच.

स्पेनविरुद्धची मॅच आठवा. चेंडू सुमारे तीन चतुर्थांश वेळ स्पेनकडे, हजाराहून जास्त पास, आणि गोल शून्य. मोरोक्कोने स्पेनच्या डिफेंडरांमागे धावाधाव केलीच नाही. अन-नसिरी बुस्केट्सच्या आसपास राहिला, मधला रस्ता बंद झाला आणि स्पेनला चेंडू कडेला न्यावा लागला. कडेला गेला की हकीमी, झियेश आणि उनाही असे तिघे मिळून कोंडी करणार. झियेशसारखा नखरेल खेळाडू मागे धावत येऊन बचाव करतो, हे पाहण्यासारखं होतं. पुढे पेनल्टीत बुनूने दोन अडवल्या, एक खांबाला लागली. ते नशीब म्हणा हवं तर, पण १२० मिनिटं नशिबावर निघत नाहीत. सेमीफायनलआधीच्या पाच सामन्यांत मोरोक्कोवर एकच गोल झाला आणि तोही अगेर्दच्या पायाला लागून स्वतःच्याच जाळ्यात गेलेला.

मग फ्रान्ससमोर काय बिघडलं? रेग्रागुईंनी रचना बदलली. मागे पाच डिफेंडर घेतले. एमबापेची धास्ती होती, हे समजण्यासारखं आहे. पण अगेर्द वॉर्मअपमध्येच बाहेर गेला, कर्णधार साइस दुखापत घेऊनच उतरला आणि पाचव्या मिनिटाला थिओ हर्नांदेझने गोल केला. एकविसाव्या मिनिटाला साइसला बाहेर काढून अमल्लाहला आणलं, जुनी रचना परत आली, तेव्हा कुठे संघ सावरला. अल यामिकची ओव्हरहेड किक खांबाला लागली ती त्यानंतर.

गंमत अशी की या मॅचमध्ये साठ टक्क्यांहून जास्त वेळ चेंडू मोरोक्कोकडेच होता. गोल आधी झाल्यावर फ्रान्स मागे सरकला आणि मोरोक्कोचाच डाव मोरोक्कोवर उलटवला. बचाव फोडायला लागणारी युक्ती मात्र या संघाकडे तेव्हा कमी होती. टीका करायची तर इथे करावी.

आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांना विचारा, दहापैकी नऊ जणांना स्ट्रायकर व्हायचं असतं. त्यांना उनाही दाखवा. मोरोक्कोच्या मोहम्मद सहावे अकादमीत तो घडला, तिथलेच अन-नसिरी आणि अगेर्द. २०२२ साली ही अकादमी सुरू होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती, म्हणजे हे रोपटं तेव्हा लावलेलं नव्हतं.

त्यानंतर शनिवारी तिसऱ्या जागेसाठी क्रोएशियाशी गाठ होती. गटात ही मॅच ०-० सुटली होती. तेव्हा साइस आणि अगेर्द दोघे धडधाकट होते. या वेळी मागच्या चौघांत कोण उभे राहतात, ते आधी बघायचं होतं. अमराबतला किती धावावं लागेल, हे त्यावरच ठरणार होतं.