पायडलची होडी: चाक, पंखा की पर?

होडीला पायडल जोडले की हात जाळ्यासाठी मोकळे राहतात आणि पायांचे मोठे स्नायू कामाला येतात. पण पाणी मागे ढकलायचे कशाने?

चाक: उथळ पाण्यात चालते, पण बरीच ताकद पाणी उडवण्यात जाते. १८४५ मध्ये ब्रिटिश नौदलाने लावलेल्या रस्सीखेचीत पंख्याच्या ‘रॅटलर’ने चाकाच्या ‘अलेक्टो’ला उलटे ओढत नेले.

पंखा: कमी श्रमात जास्त वेग, मात्र जलपर्णीत गुरफटतो.

पर: १९९७ मध्ये अमेरिकेच्या होबी कंपनीने पेंग्विनच्या पंखांसारखे हलणारे दोन पर आणले. उथळ जागी ते होडीच्या तळाशी सपाट टेकवता येतात.

म्हणजे खोल, स्वच्छ पाण्यात पंखा सरस. पण जलपर्णीने भरलेल्या जलाशयात तोच मच्छीमाराला अडकवतो. म्हणून यंत्र निवडण्याआधी पाणी पाहायला हवे.