तळे कुणाचे, नदी कुणाची?
कॅनडातील माँक्टनजवळ पेटिकोडिअॅक नदीवर १९६८ साली भराव घालून रस्ता नेला. माशांसाठी वाट ठेवली होती म्हणे. ती निकामी ठरली. भरती अडली, गाळ साचून खालचे पात्र आक्रसले. वर तुंबलेल्या पाण्याला मात्र ‘तळे’ हे गोंडस नाव मिळाले, आणि दरवाजे उघडण्यास काठच्या रहिवाशांनी विरोध केला. त्यांचा जिव्हाळा आम्ही खोटा मानत नाही. पण चाळीस वर्षांच्या सवयीला ‘निसर्ग’ म्हणणे ही शब्दांची लबाडी आहे, आणि स्थिर निळ्या पाण्यावर पोसलेल्या आपल्या काव्याभिरुचीला (अध्यापकांच्याही!) ती बिनतक्रार पचते. गढूळ पाणी सुंदर का नसावे? एप्रिल २०१० मध्ये दरवाजे उघडले, २०२१ मध्ये भरावाच्या जागी पूल आला. भरतीची लाट आता शहरातून जोमाने वर चढते, चॉकलेटी गाळासकट.