थेट पाइपलाइन आणि पंचगंगा

दुधगंगा नदीवरील काळम्मावाडी धरणाचे पाणी नोव्हेंबर २०२३ मध्ये थेट पाइपलाइनने कोल्हापुरात आले. त्यामागे आमदार सतेज पाटील यांचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा होता आणि त्याचे श्रेय त्यांना मोकळेपणाने द्यायला हवे. योजना रखडली, पाणी आल्यावरही वारंवार बिघाड झाले, हा आक्षेप खरा आहे. पण त्यावरचा उपाय काटेकोर देखभाल हा आहे, पुन्हा शहरालगतच्या पंचगंगा नदीतूनच उपसा करणे हा नव्हे. खरी काळजी वेगळीच आहे. शहराची तहान दुधगंगेवर भागू लागली की जयंती नाल्यातून पंचगंगेत मिसळणाऱ्या सांडपाण्याचा विसर पडेल. नदीच्या खालच्या बाजूला इचलकरंजी आहे. तिथे २०१२ मध्ये दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली आणि माणसे दगावली. म्हणून आमदारांनी तोच पाठपुरावा आता सांडपाणी प्रक्रियेसाठी करावा.